डाव्या हाताचं वचन

आरसा नेला तेव्हाच नोवियसने भांडायला हवं होतं.

भांडला नाही. खजिनदार फुफिदियसची माणसं पोतं घेऊन छावणीभर फिरत होती. चांदीचं जे दिसेल ते पोत्यात. पेले, पट्ट्यांवरची फुलं, कुणी बायकोची आठवण म्हणून जपलेलं काकण, सगळं. टांकसाळीच्या तंबूत आली तेव्हा नोवियसच्या बाकावर त्याच्या बापाचा आरसा पडलेला होता. तळहाताएवढा, मागे द्राक्षाचा वेल कोरलेला. एकाने उचलला, त्यात आपले दात बघितले आणि पोत्यात टाकला.

"अहो, तो कामाचा आहे," नोवियस म्हणाला.

"सगळंच कामाचं असतं. म्हणून तर नेतोय."

संपलं. डामाने तो दुपारीच मुशीत सोडला. डामा म्हणजे टांकसाळीचा घणवाला, मूळचा सीरियाचा, आधी गुलाम, आता सुटलेला. तोंड मात्र कधीच बांधलेलं नव्हतं त्याचं.

"तुझ्या बापाचा माल चोख होता हां," तो म्हणाला. "लगेच वितळला. काही बाप फार वेळ घेतात."

नोवियस हसला. काय करणार?

गाव समोर टेकडीवर होतं. गावात शत्रू आणि गावाभोवती यांचा, म्हणजे नोवियसच्या सैन्याचा, खंदक. शत्रू म्हणजे तरी कोण? त्याच गावांतली पोरं, तीच भाषा, तेच देव, ढालीसुद्धा एकाच कारागिराच्या. दोन सेनापतींचं फाटलं म्हणून हे फाटले. गोफणीतून शिशाच्या गोळ्या जायच्या तर त्यावर एकमेकांच्या आयांचा उद्धार कोरलेला असायचा, आणि बऱ्याचदा ती आई दोघांच्या ओळखीची निघायची.

नाण्यांचंही तेच. त्यांच्या चांदीच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवी. यांच्याही नाण्यावर स्वातंत्र्यदेवी. नोवियसने दोन्ही शेजारी ठेवून बघितली होती. त्यांच्या देवीचं नाक जरा बरं जमलं होतं, एवढाच फरक.

मोहीम सुरू झाल्यापासून तो नाण्यांचे ठसे कोरत होता. पहिल्यांदा विजयदेवी आली, पंख पसरलेली. तेव्हा यांची पळता भुई थोडी झाली होती. मग फळांनी भरलेलं शिंग आलं, समृद्धीचं. तेव्हा सैन्य भिजवलेल्या जवावर जगत होतं. डामाचा यावर एक सिद्धांत होता. जे संपतं ते नाण्यावर येतं.

"देवीचं पोट सुटलेलं दाखवायला सांगतील ना," तो म्हणायचा, "त्या दिवशी समज, आपण आपल्या चपला खाणार."

आणि मग एक दिवस फुफिदियस स्वतः तंबूत आला. हातात चांदीची एक वस्तू. दोन हात एकमेकांत गुंफलेले, मनगटापर्यंतच. असे चांदीचे हात शहरं सैन्याला भेट पाठवतात, मैत्रीची खूण म्हणून. हे कुठल्या शहराने पाठवले होते ते आता कुणाला आठवत नव्हतं.

"हा नमुना," फुफिदियस म्हणाला. "नाण्याच्या मागच्या बाजूला हे. खाली अक्षरं कोर, सैन्याचं वचन. काम झालं की नमुनाही मुशीत."

"हात कशाला, साहेब?"

"आतले उपाशी आहेत, पण बाहेर येत नाहीत. भितात. दवंडीवर विश्वास नाही त्यांचा. म्हणून ही नाणी चिंध्यांत बांधून गोफणीने आत फेकायची. जो हे नाणं हातात धरून बाहेर येईल त्याचा जीव सेनापतींनी दिला. उजवा हात दिला म्हणजे दिला."

नोवियसने तंबूच्या दारातून टेकडीकडे बघितलं. कारण दादा आत होता.

ट्रेबियस, त्याचा थोरला भाऊ. प्रेनेस्ते गावात बापाचं अंगठ्यांवर शिक्के कोरायचं दुकान होतं. दोघांनी तिथेच हात काळे केले, पण ट्रेबियसला एका जागी बसवेना. तो सैन्यात गेला. जिथे भरती झाला ते सैन्य पुढे त्यांच्या बाजूचं ठरलं. नोवियस ज्यांच्या टांकसाळीत लागला ती यांच्या बाजूची ठरली. दोघांनीही निवडलं काहीच नव्हतं. खंदकाशी पहारेकरी एकमेकांना शिव्या घालायचे, मध्येच गप्पाही मारायचे. मनाई होती, पण कोण ऐकतंय. तिथेच एकदा नोवियसने पलीकडून दादाचं खोकणं ओळखलं होतं.

तर हे नाणं दादासाठी. असं समजूनच त्याने ठसा हातात घेतला.

आणि तिथेच चुकला.

ठसा उलटा कोरावा लागतो. ठशातलं डावं नाण्यावर उजवं होतं. अक्षरं नोवियस झोपेतसुद्धा उलटी काढायचा. पण चित्राला त्याची एक ठरलेली रीत होती, बापाची. नमुना आरशासमोर ठेवायचा आणि आरशात जे दिसतं ते कोरायचं, जसंच्या तसं. डोक्याने काही उलटवायचं नाही, डोकं फसवतं. बघायचं आणि कोरायचं. पंधरा वर्षं हाताला हेच वळण. आता आरसा नव्हता. त्याने नमुना बाकावर ठेवला, बघितलं आणि कोरलं. जसंच्या तसं.

सुंदर झालं होतं. बोटांची पेरं, मनगटाची शीर. अंगठ्याचं नख त्याने बापासारखं काढलं, रुंद आणि चपटं. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप आलं.

डामाने चकत्या तापवल्या, घण घातला, नाणी पडली. पहिली रास त्याच दिवशी गोफणींवर गेली. नोवियस तंबूच्या दारात उभा राहून बघत होता. चिंध्यांच्या पुरचुंड्या भिंतीवरून आत पडत होत्या आणि त्याला खरंच वाटत होतं की त्यातली एक दादा उचलेल.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने एक नाणं सहज हातात घेतलं. बघत राहिला. मग लापशीची वाटी खाली ठेवली.

"डामा, हात दे."

"का? भविष्य सांगतोस?"

"दे तर. उजवा."

डामाने हात दिला. नोवियसने तो धरला आणि बाजूने वाकून बघितलं. नाण्याकडे बघितलं. परत हाताकडे. मग म्हणाला, "आता डावा."

डाव्या हातात डावा हात धरल्यावर जे दिसलं ते बरोब्बर नाण्यावरचं चित्र होतं.

डामाचा चेहरा उतरला. डावा हात चोराचा. डाव्या हाताने देवाला काही वाहत नाहीत, कुणाला शब्द देत नाहीत. पोरंसुद्धा खेळात खोटी शपथ घ्यायची असली की डावा हात पुढे करतात.

"हात दाखवून अवलक्षण," डामा पुटपुटला. "कुणाला बोलू नकोस. मी ठसाच फोडतो. म्हणू, घणाखाली तडकला."

"आत गेलीत ती?"

"उपाशी माणूस नाण्याची बोटं मोजत नाही."

पण नोवियसला राहवेना. बापाने शिकवलं होतं, चूक केली तर गिऱ्हाईकाच्या आधी आपण बोलायचं. तो उठून फुफिदियसकडे गेला.

फुफिदियस ऑलिव्ह खात बसला होता. समोर वाटीत बिया. नोवियसने मान खाली घालून सगळं सांगितलं. आरसा, नमुना, डावा हात. नवीन ठसा लगेच करतो म्हणाला, फक्त एक आरसा द्या कुणाचा तरी, पितळेचा चालेल.

फुफिदियसने नाणं घेतलं. आपल्या कारकुनाला समोर उभं केलं आणि त्याचा हात धरून बघितला, आधी उजवा, मग डावा. हसला. नाणं घेऊन मागे सेनापतींच्या मोठ्या तंबूत गेला. बराच वेळ आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

बाहेर आला तो खुशीत.

"ठसा बदलायचा नाही."

"साहेब, अपशकुन—"

"कसला अपशकुन. हेच चालू दे. अजून पाड."

नोवियस तसाच उभा. त्याला खरंच कळलं नाही. मग फुफिदियसने समजावलं, शाळेतल्या पोराला समजवावं तसं, प्रेमाने.

"वचन कुठल्या हाताचं?"

"उजव्या."

"आपण उजवा दिलाय का? नाही. उद्या वचनदेवीच्या पुजाऱ्याने विचारलं, वचन मोडलंत का, तर हे नाणं दाखवायचं. आम्ही वचन दिलंच नव्हतं, बघा. देवीही गप्प आणि आपणही मोकळे." त्याने एक बी वाटीत थुंकली. "कालपर्यंत सोडणारच होतो रे त्यांना. सेनापतींचं मन नव्हतं, पण शब्द गेला होता, अडकलो होतो. तू सोडवलंस."



"माझा भाऊ आत आहे," नोवियस म्हणाला.

"माझा मेहुणा आहे," फुफिदियस म्हणाला. "सगळ्यांचं कुणी ना कुणी आहे. म्हणून तर संपवायचं." मग डुकराच्या मांडीचा एक मोठा तुकडा कापून त्याने नोवियसच्या हातात दिला. "आणि हे बाहेर गेलं तर एक हात तोडीन. कुठला, ते तू ठरव. तुला समजत नाही नाहीतरी."

कारकून हसला.

मांस नोवियसने डामाला दिलं. डामाने विचारलं, काय झालं? नोवियसने सांगितलं. डामाने मांस चावता चावता थांबून त्याच्याकडे बघितलं, मग परत चावायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "आपण फार लहान माणसं आहोत, लेका." आणि घण उचलला.

पुढचे काही दिवस कुणीच बाहेर आलं नाही. फुफिदियस चिडचिड करायचा. अजून फेका म्हणायचा. नोवियसला मात्र बरं वाटायचं. मनात म्हणायचा, नका येऊ. असेच राहा. पण गावातून धूर यायचा बंद झाला होता. शिजवायला काही उरलं नव्हतं.

शेवटी तो खंदकाशी गेला. भर दुपारी, उघड. पहाऱ्यावर सिकिनियस होता, पिकेनमचा जुना शिपाई, कमी बोलणारा, कानावर वार झालेला. नोवियसने त्याला पेलाभर आंबट दारू दिली.

"भावाशी दोन शब्द बोलायचेत."

सिकिनियसने दारू प्यायली, पलीकडे हाक मारली, "ए, ट्रेबियसला बोलवा रे कुणीतरी," आणि भाल्यावर रेलून उभा राहिला. गेला नाही. पाच हातांवर होता.

दादा आला. नोवियसला आधी ओळखूच आला नाही. गाल आत, गुडघे बाहेर, अंगावर चिलखत जणू दुसऱ्या कुणाचं.

"जाड झालास, नोव्या," तो पलीकडून म्हणाला. खंदक रुंद होता, ओरडूनच बोलावं लागत होतं.

"लापशीने फुगलोय, दादा."

"लापशी." दादाने तो शब्द चघळल्यासारखा केला. "नाव घेऊ नकोस, इथली माणसं उडी मारतील." मागे दोनचार जण बसले होते, ते हसले. एक जण हसला नाही, त्याला ताकद नव्हती.

मग दादाने हात वर केला. बोटांत नाणं.

"हे तू केलंस ना?"

"तुला कसं कळलं?"

"बाबांचं नख आहे. त्या नखाच्या किती टपल्या खाल्ल्यात मी." तो खोकला. सावरला. "ऐक. आतले सगळे म्हणतात, डावा हात आलाय, कारागीर गाढव असेल. मी म्हटलं, कारागीर माझा भाऊ आहे. आमच्या घरी उलटं कोरता यायचं नाही त्याला ताट मिळायचं नाही. तो असं चुकणार नाही. डावा कोरलाय म्हणजे मुद्दाम कोरलाय. सांगतोय, बाहेर येऊ नका, फसवणूक आहे. त्यावर थांबवलंय मी सगळ्यांना. माझ्या शब्दावर थांबलेत. कातडं उकळून खातोय आम्ही, नोव्या. पट्टे संपले, आता ढालींची काढतोय. आणखी नाही थांबणार ते. म्हणून स्पष्ट विचारायला आलो. मुद्दाम केलंस का चुकलास?"



एकच शब्द होता. मुद्दाम. तेवढा म्हटला की झालं. दादाला बाकी काही सांगायची गरज नव्हती, पुढचं तो बघून घेणार होता. पण शब्द ओरडून म्हणावा लागणार होता, आणि पाच हातांवर सिकिनियस उभा होता. पाठमोरा, भाल्याला टेकून, वर घारी बघत. वाराने फाटलेला तो कान बरोबर नोवियसकडे.

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या हाताचं पहिलं बोट कोरणी धरून धरून वाकडं झालेलं. ते बोट गेलं की तो कोण उरणार होता?

"आरसा नव्हता, दादा," तो म्हणाला.

"काय?"

"बाबांचा आरसा. वितळवायला नेला यांनी. नमुना समोर होता, तसाच कोरला मी."

एक शब्दही खोटा नव्हता त्यात.

पलीकडे दादाने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. नोवियसला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"हात्तिच्या," दादा म्हणाला. "आणि मी इथे लोकांना सांगतोय, माझा भाऊ, माझा भाऊ. आरसा नव्हता म्हणून." त्याने मागे वळून सांगितलं, "ऐकलंत का, गाढवच आहे." मागचे परत हसले, या वेळी मोकळे. एकाने आकाशाकडे हात जोडून काहीतरी म्हटलं.

"म्हणजे नुसतं चुकलं," दादा म्हणाला.

"चुकलं."

"मग वचन खरं आहे?"

नोवियसने तोंड उघडलं. सिकिनियसने भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी ठसे कोरतो, दादा. मला काय माहीत?"

"नोव्या." दादाचा आवाज बदलला होता. लहानपणी अंधारात विचारायचा तसा, झोपलास का रे. "खरं आहे ना?"

"असेल," नोवियस म्हणाला. "खरं असेल."

"उद्या येतो मग. लापशी ठेव माझ्यासाठी. आणि बाबांना हे कळू द्यायचं नाही, डावा हात. जोड्याने मारतील, या वयातसुद्धा."

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले होते. दादाला कळलंच नव्हतं. नोवियसने तेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. फाटक उघडलं आणि एकामागून एक, हात वर, प्रत्येकाच्या बोटांत नाणं, उन्हात चमकणारं. खंदकावरच्या फळीपाशी फुफिदियसची माणसं पोतं धरून उभी होती. तेच पोतं. "नाणं इकडे टाका, पुढे व्हा. नाणं इकडे. पुढे." एकाने विचारलं, "आणि मग खूण काय राहणार आमच्याकडे?" त्याला सांगितलं, पुढे जेवण आहे, तिथे खूण लागत नाही.

दादाने नाणं टाकलं. टांकसाळीच्या तंबूकडे बघून मान हलवली, हसला. नोवियस पडद्याआड होता. दादाला तो दिसला नसणार, अंदाजानेच हसला असेल.

त्यांना टेकडीमागे चुन्याच्या जुन्या खाणीकडे नेलं. तिथून जे आवाज यायचे ते आले. डामा मुद्दाम रिकाम्या ठशावर घण घालत राहिला, काही ऐकू येऊ नये म्हणून, पण एकटा माणूस किती घालणार, हात थकतोच. तो थांबला. तिकडे अजून चालू होतं.

दिवस कलताना पोतं तंबूत आलं. वितळवायला. नोवियस त्याच्याकडे बघत बसला होता तेव्हा सिकिनियस दारात आला. आत येऊ का म्हणून विचारलं नाही, आला आणि खाली बसला. गुडघ्यापर्यंत चुना लागलेला.

"मला तिकडे पाठवलं होतं," तो म्हणाला. "खाणीवर."

डामाने पाण्याचं मडकं त्याच्याकडे सरकवलं.

"तुझा भाऊ शेवटच्या गटात होता. तो म्हणत होता, काहीतरी घोटाळा होतोय, खजिनदारांना विचारा, आमच्याकडे नाणी होती." सिकिनियसने पायावरचा चुना नखाने खरवडला. "माझ्या बहिणीचा नवरा त्याच्याच तुकडीत. त्यानेच मला परवा पलीकडून सांगितलं होतं, ट्रेबियस सोडत नाही आम्हाला, त्याच्या भावाकडून कळल्याशिवाय. गावाच्या मागच्या बाजूने घळ आहे, रात्रीची तिकडे पहाऱ्यावर माझ्याच गावची पोरं. सगळं बोलून ठेवलं होतं. शरण यायचं का घळीतून निसटायचं, एवढंच ठरायचं होतं."

नोवियसने वर बघितलं.

"म्हणून मी काल तुझ्याकडे पाठ केली," सिकिनियस म्हणाला. "दिसली नाही तुला?"

"मला वाटलं तू ऐकतोयस."

"ऐकतच होतो," सिकिनियस म्हणाला. "कधी म्हणतोस म्हणून."